न कापता आत पाहण्याची गोष्ट

आज बोलायचं आहे ते एका भीतीबद्दल आणि त्या भीतीच्या इतिहासाबद्दल.

तोंडात पांढरा चट्टा आला, जखम महिनाभर भरेना, अंगावरून पांढरं जायला लागलं, कातडीवरचा डाग वाढायला लागला, तर आपल्यातल्या किती जणी पहिल्या महिन्यात दवाखान्यात जातात? फार थोड्या. कारण विचारलं तर एक उत्तर हमखास येतं : "डॉक्टर तुकडा काढतात. तुकडा काढला की रोग पसरतो." अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात, आगाशी-निर्मळच्या वाड्यांत, पारोळ-उसगावच्या पाड्यांवर, विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं.

तुकडा काढल्याने तोंडाचा किंवा कातडीचा रोग पसरत नाही, हे आधीच सांगून टाकते. तो हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो, जागा बधिर करून काढतात, आणि रोगाचं नाव पक्कं करायला आजही त्याच्याइतका भरवशाचा मार्ग नाही. पण न कापता, न टोचता आत पाहता आलं तर, ही इच्छा फक्त आपलीच नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञही साडेतीनशे वर्षं त्याच्या मागे आहेत. ही गोष्ट जर्मनीत सुरू होते, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत येते, बार्शीला आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पोचते, आणि तिच्यात अमेरिकेतला एक मराठी माणूसही आहे. यंत्रं कुणी केली ते तर आपण पाहूच. पण त्या यंत्रांखाली कुणाचं शरीर होतं, हेही पाहायला हवं.

तेलाचा डाग

भजी बांधून आणलेला कागद आठवा. तेल लागलं की तो कागद पारदर्शक होतो, पलीकडचं दिसायला लागतं. कातडीचंही तसंच आहे. कोरड्या कातडीवर उजेड पडला की तो वरच्या वर परततो, चमक मारतो, आतलं काही दिसत नाही. तेलाचा थेंब टाकून वर काच ठेवली की ती चमक कमी होते आणि भिंगातून थोडं आतलं दिसतं.

१६६३ साली कोलहाउस नावाच्या माणसाने नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या भिंगातून पाहिल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅम्बुर्गचे कातडीचे डॉक्टर पॉल उन्ना यांनी तेल आणि काच वापरून डाग पाहायला सुरुवात केली. १९२० साली योहान साफिअर यांनी या पद्धतीला नाव दिलं, डर्माटोस्कोपी. आज चामडीच्या डॉक्टरांच्या हातात बॅटरीसारखं छोटं उपकरण दिसतं ना, जे डागावर टेकवून ते एका डोळ्याने पाहतात, ते या तेलाच्या थेंबाचंच नातवंड. त्याने कातडी कापत नाही, दुखत नाही, मिनिटभरात काम होतं.

हॅम्बुर्गचं भिंग आणि एक काळं पान

कातडी बाहेर असते, ती पाहणं सोपं. तोंडाच्या आतली, योनीमार्गातली, गर्भाशयाच्या तोंडावरची ओली त्वचा पाहणं अवघड. तिथे अंधार असतो आणि लाजही असते. १९२५ साली हॅम्बुर्गमध्येच हान्स हिन्सेलमान या डॉक्टरांनी एका स्टँडवर दोन डोळ्यांनी पाहायचं भिंग आणि दिवा बसवला आणि गर्भाशयाचं तोंड मोठं करून पाहिलं. या यंत्राला कॉल्पोस्कोप म्हणतात. पुढे त्यांनी त्या जागेवर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पाहिलं. ॲसिटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल. चांगल्या पेशींना ते लावून फारसं काही होत नाही. बिघडायला लागलेल्या पेशी आतून दाट झालेल्या असतात, त्यांच्यातली प्रथिनं थोडा वेळ गोठतात आणि तो भाग पांढरा दिसतो. मिनिट दोन मिनिटं टिकतो, मग जातो. याच पांढऱ्या डागावर पुढे भारतातल्या लाखो बायकांची तपासणी उभी राहिली.

पण याच हिन्सेलमान यांच्या नावाशी एक भयंकर पान जोडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑशविट्झच्या छळछावणीचा मुख्य डॉक्टर एडुआर्ड वर्थ्स होता. त्याने छावणीच्या दहा नंबरच्या इमारतीत कोंडलेल्या ज्यू बायकांवर कॉल्पोस्कोपचे प्रयोग केले. गर्भाशयाच्या तोंडाचे फोटो काढले, तुकडे कापले आणि ते तपासायला हॅम्बुर्गला हिन्सेलमानकडे पाठवले. त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. त्या आजारी म्हणून आल्या नव्हत्या, पकडून आणलेल्या होत्या. पुढे १९४६ साली हिन्सेलमानला तुरुंगवासाची शिक्षाही झाली. ती रोमा, म्हणजे युरोपातल्या भटक्या जमातीच्या बायकांची सक्तीने नसबंदी केल्याबद्दल होती.

१९४७ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांचा निकाल लागला, तेव्हा न्यायाधीशांनी एक नियमावली लिहिली. तिचं पहिलं कलम असं, की माणसावर प्रयोग करायचा तर त्या माणसाची स्वतःच्या मर्जीने दिलेली संमती हवीच हवी. दवाखान्यात आपल्यापुढे सही-अंगठ्याचा कागद येतो, त्यामागे हा इतिहास आहे. म्हणून तो कागद न वाचता, न समजून घेता अंगठा द्यायचा नाही.

पुण्याच्या खेड्यांत आरसा घेऊन

आता आपल्या मुलखात येऊ. वसईचा किल्ला १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, चिमाजी अप्पांनी तो घेतला, हे आपण शाळेत शिकलो. पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची, अननस, काजू आणले, तशी तंबाखूही आणली. आपल्याकडे पानवेली होत्या, सुपारी होती, चुना होता. त्यात तंबाखू जाऊन बसली. बायकांनी तिला दुसरी वाट काढून दिली, मिश्री. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची, दात घासायच्या निमित्ताने हिरडीला लावायची. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते" असं म्हणणाऱ्या आपल्या घरात आहेत. पण शरीराला हा फरक कळत नाही. नुसत्या सुपारीचंही तसंच. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केलं.

हे कळलं कसं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दातांच्या संशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख होते. त्यांच्या जोडीला डेन्मार्कचे डॉ. येन्स पिंडबोर्ग आणि आपल्याकडचे प्रकाश गुप्ता, दफ्तरी, चोक्सी असे संशोधक होते. १९६० च्या दशकात या लोकांनी दवाखान्यात बसून रोग्यांची वाट पाहिली नाही. ते खेड्यांत गेले, घरोघर फिरले, आणि "आ करा" म्हणून तोंडं पाहिली. महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यात, एक लाख एक हजार सातशे एकसष्ट माणसांची तोंडं तपासली गेली. त्याचा अहवाल १९७२ साली छापून आला. तोंडातले पांढरे चट्टे आणि तोंडाचा कॅन्सर यांचं तंबाखूच्या सवयीशी असलेलं नातं अशा पाहण्यांतून पक्कं झालं. आणि हे मुख्यतः उजेडात डोळ्यांनी पाहून झालं.

आपल्यात म्हण आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला. खरंच आहे. पण गालाच्या आत, जिभेखाली काय चाललंय ते बघायला आरसा लागतो, आणि आपण आरशात कुंकू पाहतो, तोंड उघडून आत पाहत नाही.

बार्शी आणि मुंबई

यानंतरची गोष्ट गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. तो रोग बायकांचा, आणि त्याला शरमेची कडी लावलेली. कॉल्पोस्कोप यंत्र महाग, ते चालवणारे डॉक्टर शहरात. मग खेड्यातल्या बाईने काय करायचं? तज्ज्ञांनी विचार केला, की यंत्र बाजूला ठेवू आणि हिन्सेलमानचा पांढरा डाग तेवढा घेऊ. तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिड, कापसाचा बोळा, चांगला दिवा आणि शिकवलेला डोळा. एक मिनिट थांबायचं आणि पाहायचं. याला व्हीआयए तपासणी म्हणतात.

१९९९ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाबरोबर, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, मोठा अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका त्यात होत्या. काही गटांत व्हीआयए, काहींत पेशी पुसून घेऊन तपासणं, काहींत एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी, आणि काही गटांत कुठलीच खास तपासणी नाही. २००९ साली निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र मृत्यूंत तेवढी ठळक घट दिसली नाही.

मुंबईत १९९८ सालापासून टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी झोपडपट्ट्यांत काम करत होते. तिथे ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जिथे शंभर जणी गेल्या असत्या, तिथे ३१ जणी वाचल्या. दिवा, कापूस आणि दहावी झालेल्या बाईचा डोळा यांनी हे केलं. जगभरच्या डॉक्टरांच्या सभेत ही बातमी गाजली.

पण या चांगल्या बातमीच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो झाकून ठेवणं बरं नाही. तुलना करायची म्हणून दोन्ही अभ्यासांत काही बायकांना तपासणी दिलीच नाही. मुंबईत त्यांना रोगाची माहिती सांगितली, तपासणी केली नाही. त्यांच्यातल्याही काही जणी याच रोगाने गेल्या. तपासणीचा उपयोग होतो हे परदेशात आधीच माहीत असताना असं करावं का? त्या बायकांना सगळं नीट सांगून संमती घेतली होती का? असे प्रश्न डॉक्टरांनीच उघडपणे विचारले. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की तेव्हा आपल्या देशात अशी तपासणी कुठेच सरसकट होत नव्हती, आणि आकडे दाखवल्याशिवाय सरकार ती सुरू करणार नव्हतं. दोन्ही बाजूंना वजन आहे. ऑशविट्झची आणि याची बरोबरी करायची नाही. तिथे छळ होता, इथे जीव वाचवायचा हेतू होता. तरीही एक धागा सारखाच राहतो. जी बाई भिंगाखाली येते, तिला सगळं कळलं पाहिजे. आज आपल्याला मिळणाऱ्या तपासणीत, तपासणी न मिळालेल्या त्या बायांचाही वाटा आहे. त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत.

बॉस्टनमधलं मराठी नाव

आता सगळ्यात नवं भिंग. मासळी बाजारात सगळ्या जणी एकदम ओरडल्या तर कुणाचाच भाव ऐकू येत नाही. कातडीत उजेड सोडला की तसंच होतं. वरच्या थरातून, मधल्या थरातून, खालच्या थरातून उजेड एकदम परत येतो आणि चित्र धूसर होतं. १९५७ साली अमेरिकेत मार्विन मिन्स्की यांनी यावर तोड काढून पेटंटसाठी अर्ज केला. परत येणाऱ्या उजेडाच्या वाटेत एक सुईच्या टोकाएवढं भोक ठेवायचं. जिथे नेम धरला आहे त्याच ठिपक्याचा उजेड भोकातून जातो, बाकीचा अडतो. मग नेम थोडा सरकवायचा, पुढचा ठिपका. रांगोळीचे ठिपके मांडत जावं तसं ठिपक्याला ठिपका जोडून चित्र तयार होतं. या पद्धतीला कॉन्फोकल म्हणतात.

ही युक्ती माणसाच्या जिवंत कातडीवर लेसरच्या उजेडाने वापरून दाखवणाऱ्यांत पुढे होते मिलिंद राजाध्यक्ष. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, बॉस्टनच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेतला, निबंध १९९५ साली छापून आला. कातडीला काच टेकवायची, आणि न कापता आतल्या पेशी एकेक दिसायच्या, जशा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात तशा. त्या निबंधात आपल्यासाठी एक गंमत आहे. कातडीचा काळा-सावळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्या मेलॅनिनवर हा उजेड जोरात परततो. त्यामुळे या यंत्रात मेलॅनिन चमकदार पांढरं दिसतं आणि त्याच्या आधाराने पेशी ओळखता येतात. आयुष्यभर ज्या रंगासाठी आपण बोलणी खाल्ली, गोरं करणारी क्रीमं चोळली, तो रंग या भिंगाला दिव्यासारखा उपयोगी पडतो!

१९९९ साली राजाध्यक्ष यांचं नाव असलेल्या आणखी एका निबंधात तोंडाच्या आतली ओली त्वचा याच पद्धतीने पाहिल्याचं आलं. पुढे ते न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात याच कामावर होते. २०१६ साली अमेरिकेत विम्याचे पैसे मिळण्यासाठी या तपासणीला स्वतःचे क्रमांक मिळाले, म्हणजे ती प्रयोगशाळेतून दवाखान्यात आली.

याच्या मर्यादाही ऐका. हे यंत्र मिलिमीटरच्या पाव भागाएवढंच खोल पाहतं. रोग त्याच्या खाली उतरला असेल तर दिसत नाही. यंत्र महाग, चित्र वाचायला शिकलेला माणूस हवा. त्यामुळे तुकड्याची गरज संपलेली नाही. तुकडा नक्की कुठून घ्यायचा, आणि कुणाचा घ्यायची गरजच नाही, हे ठरवायला ते मदत करतं.

आपल्या पदरात काय

आपल्या आरोग्य केंद्रात कॉन्फोकल यंत्र नाही, आणि त्याची वाट पाहत बसायचीही गरज नाही. २०१६ साली केंद्र सरकारने ठरवलं, की तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. तोंड डोळ्यांनी पाहायचं आणि गर्भाशयाचं तोंड व्हीआयएने. म्हणजे पुण्याच्या खेड्यांतून आणि मुंबईच्या वस्त्यांतून जे शिकलो, तेच. आशाताई घरी येऊन सी-बॅक नावाचा अर्ज भरतात, तंबाखू, सुपारी, तोंडातली जखम, अंगावरून जाणं असं विचारतात. तेव्हा खरं सांगा. मिश्री लावत असाल तर मिश्री सांगा. "काही नाही हो" म्हणून अर्ज कोरा सोडला, तर तपासणीच्या यादीत आपलं नाव पुढे जात नाही.

महिन्यातून एकदा गटाची बैठक असते. त्या दिवशी पैशांचा हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. स्वच्छ हात, आरसा, बॅटरी. गालाच्या आत दोन्ही बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तिखट सोसेनासं होणं, यांतलं काही दिसलं तर दवाखाना. कातडीवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर तेही दाखवा, कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

आणि तपासायला गेल्यावर तीन प्रश्न विचारायला लाजू नका. काय पाहणार आहात? काही दिसलं तर पुढे काय कराल? नाही म्हटलं तर चालेल का? चांगली सिस्टर, चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागवत नाहीत. दहा नंबरच्या इमारतीतल्या बायकांना हे विचारता आलं नाही. आपल्याला येतं.

तपासणीत तुकडा काढायची वेळ आलीच, तर एवढं लक्षात ठेवा. रोग वाढतो तो लपवून ठेवल्याने. लवकर सापडलेला पांढरा चट्टा बरा होऊ शकतो, तो सापडायला आधी कुणीतरी पाहावं लागतं. येत्या बैठकीत शेजारणीला "आ कर" म्हणा, आणि मग आपलंही तोंड उघडा.